दिव्यांग भत्ता नाकारल्याचं पत्र आलं तर
असं पत्र हातात पडलं की माणूस खचतो, आणि नेमके मोलाचे दिवस वाया जातात. आधी त्यात अपिलाची मुदत शोधा. पाकीटही जपा, शिक्क्यावरून पत्र कधी निघालं ते दाखवता येतं. मग कारण वाचा. पुष्कळदा वाद आजाराबद्दल नसतोच. आजारामुळे काय जमत नाही, हे कागदावर आलेलं नसतं. म्हणून डॉक्टरांकडून नुसतं निदान लिहून आणू नका. किती मिनिटं उभं राहता येतं, शर्टाची बटणं लावता येतात का, जिना चढल्यावर किती वेळ बसावं लागतं, हे लिहून घ्या. स्वतःही रोज दोन ओळींची नोंद ठेवा. चांगले दिवसही प्रामाणिकपणे लिहा, नाहीतर अख्ख्या वहीवरचा विश्वास उडतो.