रुग्णालयाची ड्युटी सांभाळून ॲनाटॉमी, फिजिओलॉजी आणि इमेजिंग ऑनलाइन कसे शिकावे

अंबाजोगाई, नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेला डॉक्टर एखाद्या उपजिल्हा रुग्णालयात रुजू झाला, की दोन-चार महिन्यांतच त्याच्या लक्षात येते की पहिल्या वर्षी पाठ केलेली ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजी परीक्षेबरोबर मागे राहिली, आणि व्ह्यू-बॉक्सवर लावलेली एक्स-रे फिल्म वाचायला मात्र तिचीच गरज आहे. रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या गावी असतो, रात्री तर नसतोच. ऑनलाइन साहित्य आता हवे तेवढे मिळते. कोणत्या रुग्णापासून आणि कोणत्या क्रमाने शिकायचे, एवढेच ठरवावे लागते.

मी स्वतः पैसे भरून एक मोठा अभ्यासक्रम घेतला होता आणि तिसऱ्या आठवड्यात सोडला. त्याची सुरुवात खांद्याच्या हाडापासून होती आणि माझ्या कॅज्युअल्टीत त्या आठवड्यात मण्यार चावलेला मुलगा आला होता. तेव्हापासून मी अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका बाजूला ठेवतो. ॲप्रनच्या खिशात एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक ड्युटीत एकच प्रश्न, तोही ‘का’ने सुरू होणारा, तीत लिहावा. ‘न्यूमोनिया’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘या फिल्ममध्ये हृदयाची उजवी कडा पुसली गेली, पण डायफ्रामची कडा स्पष्ट का राहिली?’ हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना फुप्फुसाचा मधला लोब हृदयाच्या उजव्या कडेला टेकलेला असतो व खालचा लोब डायफ्रामला, ही ॲनाटॉमी आपोआप हाती लागते.

एक उदाहरण जरा सविस्तर पाहू. ऊसतोडीहून परतलेली एक बाई दम लागतो म्हणून ओपीडीत येते. सिस्टर सांगतात, “सर, सॅच्युरेशन तर ९८ आहे.” हिमोग्लोबिन निघते ५. आता प्रश्न असा, की ९८ असूनही दम का? व्हिडिओ उघडण्यापूर्वी आपले उत्तर कागदावर लिहावे, चुकीचे असले तरी चालेल. मग रक्तातील एकूण ऑक्सिजनचे सूत्र शोधावे आणि आकडे स्वतः घालावेत: प्रत्येक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते, म्हणून या बाईच्या १०० मिलिलिटर रक्तात जेमतेम ६.६ मिलिलिटर ऑक्सिजन आहे, तर हिमोग्लोबिन १५ असणाऱ्याच्या रक्तात १९.७. बोटाला लावलेले यंत्र किती टक्के हिमोग्लोबिन भरलेले आहे एवढेच सांगते, मुळात हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने केलेला डॉक्टर ते सहसा विसरत नाही. तासाभराचे व्याख्यान नुसते पाहिलेला बहुधा आठवड्यात विसरतो.

आपल्या भागात स्नायू आणि मज्जातंतूच्या जोडाची एकच आकृती नीट समजली, तर तीन प्रकारचे रुग्ण समजतात. नागाचे विष स्नायूकडील ग्राहक (रिसेप्टर) अडवते, त्यामुळे ॲसिटिलकोलीन (मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचवणारे रसायन) वाढवणाऱ्या निओस्टिग्मिनचा उपयोग होऊ शकतो. मण्यारीचे विष मज्जातंतूचे टोकच निकामी करते, म्हणून तेथे त्या औषधाकडून फारशी आशा नसते आणि श्वास यंत्रावर सांभाळण्याची तयारी ठेवावी लागते. फवारणीच्या ऑर्गनोफॉस्फेट औषधाने ॲसिटिलकोलीन साचत जाते, तेथे ॲट्रोपीन छातीतील स्राव आटवते, पण स्नायूंचा अशक्तपणा घालवत नाही. ही आकृती रिकामी छापून घ्यावी आणि तिन्ही ठिकाणे स्वतः भरावीत.

इमेजिंगसाठी आपल्याच रुग्णालयातील फिल्मपासून सुरुवात करावी, कारण तेथे रुग्णही समोर असतो. आधी फिल्म एपी आहे (किरण छातीकडून पाठीकडे) की पीए (पाठीकडून छातीकडे), रुग्ण फिरलेला आहे का, श्वास पूर्ण घेतला आहे का, हे पाहावे. रोगाकडे त्यानंतर जावे. खाटेवर काढलेल्या एका एपी फिल्मवरून मी एका आजोबांना ‘हृदय मोठे झाले आहे’ असे सांगून घाबरवले होते. एपीमध्ये हृदय कॅसेटपासून लांब असते आणि ट्यूब जवळ, त्यामुळे सावली मोठी पडते. हृदयाची सावली छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून मोठी असेल तर हृदय मोठे, हा नियम मुळात पीए फिल्मसाठी आहे. हे मला माहीत होते, फक्त वेळेवर आठवले नाही.

आपले वाचन दोन ओळींत लिहून झाल्यावर तशाच केसेस रेडिओपीडियावर शोधाव्यात. ऑस्ट्रेलियातील रेडिओलॉजिस्ट फ्रँक गेलार्ड यांनी २००५ मध्ये सुरू केलेले हे संकेतस्थळ वाचण्यास मोफत आहे. तेथे निदान झाकून ठेवण्याची सोय आहे, ती जरूर वापरावी. सीटीचे एकच निवडक चित्र पाहू नये, पूर्ण संच वरपासून खालपर्यंत सरकवून पाहावा, आणि आपण पायाकडून वर पाहत आहोत, म्हणजे रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे आहे, हे सुरुवातीला प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणावे. मेंदूसाठी साधारण ८० रुंदी आणि ४० मध्य अशी विंडो (पडद्यावर दाखवायच्या करड्या छटांची मर्यादा) ठेवतात; पण कवटीला चिकटलेला पातळ सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखालचा) रक्तस्राव तेवढ्यात हाडाच्या पांढऱ्यात मिसळून जातो, म्हणून विंडो रुंद करून पुन्हा पाहावे. आडव्या छेदांची ॲनाटॉमी कच्ची असेल, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा ‘व्हिजिबल ह्युमन’ संच सीटीच्या शेजारी उघडावा; १९९४ मधील पुरुषदेहाचे छेद १ मिलिमीटर अंतराचे आहेत.

ग्रुपवर फिल्म पाठवून मत विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. ती चांगली आहे, पण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या फिल्ममधील बारीक न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर साठलेली हवा) दबून जाऊ शकतो; डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, आणि त्याआधी रुग्णाचे नाव, वय व नोंदणी क्रमांक झाकावेत.

सोनोग्राफीबाबत मात्र थांबावे लागते. फुप्फुसाचे सरकणे किंवा पोटातील रक्त कसे दिसते, हे ऑनलाइन जरूर पाहावे, पण तेवढ्याने प्रोब हाती घेण्याचा अधिकार मिळत नाही. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली यंत्र, जागा आणि ते वापरणारा डॉक्टर या तिन्हींची नोंद लागते. २०११ च्या जनगणनेत ज्या बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात १००० मुलांमागे ८०७ मुली होत्या, तेथे ही अट जाचक म्हणणे कोणाही डॉक्टरला शोभत नाही.

वेळेचे म्हणाल तर रोज २० मिनिटे पुरतात, मात्र ती नाईट ड्युटीनंतरची नसावीत. नेटवर्क आणि वीज दोन्ही बेभरवशाची असल्याने व्हिडिओ पहाटे वाय-फायवर उतरवून ठेवावेत. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट लागतात. त्यासाठी ऑनलाइन कार्यक्रम निवडताना त्याला परिषदेची मान्यता आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे.

वहीतील प्रत्येक प्रश्न तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने उत्तर न पाहता पुन्हा सोडवावा. चुकला, तर तारीख नव्याने टाकावी. जिल्ह्याहून रेडिओलॉजिस्टचा अहवाल आला, की तो फाइलला लावण्याआधी वहीतील आपल्या दोन ओळींशेजारी ठेवून वाचावा, आणि फरक असेल तेथे त्यांना फोन करून विचारावे: “सर, तुम्हाला हे कुठे दिसले?”