तुमच्या नळीला कुठला पेलेट मानवतो?

नवा नेमबाज रेंजवर आला की पहिला प्रश्न ठरलेला: चॅम्पियन लोक कुठला पेलेट (एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) वापरतात? उत्तर मिळतं, तो तीच डबी घेऊन येतो आणि महिनाभर ९.८ मारत स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसतो. चॅम्पियनच्या रायफलची नळी (बॅरल) वेगळी, तुमची वेगळी. एकाच कंपनीच्या, पाठोपाठच्या नंबरच्या दोन रायफलींनाही पेलेटचा एकच लॉट (एका वेळी बनलेली खेप) मानवेल याची खात्री नाही. म्हणून दहा मीटर एअर रायफलवाल्याने वर्षातून एक दिवस पेलेट तपासण्यात घालवावा. तो वाया जात नाही.

आधी हिशेब. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा आणि पेलेट ४.५ मिमीचा. पेलेटची कड ठिपक्याला लागली की १०.०, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिमीवर असला तरी दहा. तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला दशांश गुण वाढतो. पेलेटमुळे शॉटमागे सरासरी ०.१ गेला तर ६० शॉटच्या पात्रता फेरीत ६ गुण जातात. फायनलच्या दारात उभ्या असलेल्यांमधलं अंतर बहुतेक वेळा याहून कमी असतं.

मॅचचे रायफल पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचे, चपट्या तोंडाचे असतात, कागदात गोल भोक पडावं म्हणून. आरडब्ल्यूएस आर१०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच या ओळखीच्या जाती. डबीवर हेडचा, म्हणजे पेलेटच्या डोक्याचा, आकार मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो: ४.४९, ४.५० असा. तो बघाच, पण त्याहून महत्त्वाचा लॉट नंबर. ब्रँड तोच, आकडा तोच, पण साचा बदलला की पेलेट बदलला. लॉट नंबर न लिहिता केलेली चाचणी म्हणजे नुसता गोळीबार.

चार-पाच वेगवेगळ्या लॉटची एकेक डबी घ्या. क्लबमध्ये चौघांनी वाटून घेतली तर खर्च हलका होतो. रायफल दस्त्यातून काढून वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत) पकडता आली तर उत्तम, कारण माणूस मधून बाजूला होतो. वाइस नसेल तर घट्ट भरलेल्या वाळूच्या पिशव्या आणि न हलणारं टेबल. टेकू नेहमी पुढच्या लाकडाच्या एकाच जागी द्या, नळीला किंवा हवेच्या सिलिंडरला कधीच नाही. स्प्रिंगची एअरगन मात्र पिशवीवर थेट ठेवू नका, ती उडी मारते. मध्ये हाताचा तळवा ठेवा.

सिलिंडर २०० बार दाबाचा असेल तर १५० च्या आसपास सुरुवात करा आणि १०० च्या खाली जाऊ देऊ नका. चाचणीच्या मध्येच हवा भरायची वेळ आली तर चालू ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा संच) पूर्ण करून मगच भरा.

एक ब्रँड संपवून दुसरा घेण्याआधी नळी साफ करा. फेल्टचे बोळे नायलॉनच्या दोरीने मागून पुढे ओढून काढा, ते काळे यायचे थांबेपर्यंत. तेल नको. प्रत्येक ब्रँडचं वंगण वेगळं असतं, त्यामुळे नव्या पेलेटचे पहिले १५-२० शॉट नळीला सवय लागण्यासाठी सोडा, मोजू नका. बहुतेकांची घाई इथेच नडते. आधीच्या पेलेटच्या थरावर नव्या पेलेटचा निकाल लावला जातो आणि चांगला लॉट बाद होतो.

मग दहा-दहाचे तीन ग्रुप, प्रत्येक लॉटचे. पाच शॉटचा ग्रुप फसवतो. पाच गोळ्या एका भोकात जाणं नशिबानेही जमतं. क्रमही पलटा: क, ख, ग झालं की पुढच्या फेरीत ग, ख, क. नाहीतर शेवटच्या लॉटला थकलेले हात मिळतात आणि दोष पेलेटवर येतो. क्रम पलटताना दर वेळी पुन्हा सवयीचे शॉट द्यावेच लागतात. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

मोजताना व्हर्नियरने ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत अंतर घ्या. त्यातून ४.५ वजा करायची पद्धत आहे, पण कागद थोडा मिटतो, म्हणून त्याच कागदावर एकट्या पेलेटचं भोक मोजा आणि तो आकडा वजा करा. वाइसमध्ये चांगला लॉट दहा शॉटमध्ये बाहेरून-बाहेर ५ ते ५.५ मिमीत बसतो. ७ च्या पुढे गेला तर तो सरावाला. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर नुसती दशांश सरासरी बघू नका. ग्रुप आवळ पण बाजूला पडला असेल तर सरासरी खोटं बोलते. साइट फिरवून ग्रुप मध्यावर आणा, मग तुलना करा.

वजन करून पेलेट निवडावेत का? हिशेब मांडू. वेग १७० मीटर प्रतिसेकंद धरला तर दहा मीटरला पेलेट सुमारे १७ मिमी खाली येतो. वेग १ टक्का बदलला तर हा आकडा ०.३४ मिमीने हलतो, म्हणजे एक दशांशाहून थोडा जास्त. पेलेटचं वजन १ टक्का, म्हणजे ०.००५ ग्रॅम बदललं आणि हवेची ऊर्जा तेवढीच राहिली, तर वेग अर्धा टक्का बदलतो आणि फरक पडतो ०.१७ मिमीचा. चांगल्या मॅच पेलेटवर तराजू घेऊन रात्र घालवण्याइतका हा फायदा मोठा नाही. त्यापेक्षा क्रोनोग्राफ (पेलेटचा वेग मोजणारं यंत्र) लावा. दहा शॉटमध्ये सर्वात जलद आणि सर्वात संथ यांत ३ मीटर प्रतिसेकंदापेक्षा जास्त फरक दिसला तर आधी रायफलचा रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग) किंवा सील बघा. पेलेटचा विचार नंतर.

डोळ्याने निवडणं मात्र कामाचं. पेलेट काचेवर लोटून द्या. डोकं आणि स्कर्ट (पेलेटची मागची पोकळ, पातळ कड) यांचा घेर थोडा वेगळा असल्याने चांगला पेलेट संथ कमान काढत जातो. स्कर्ट चेपलेला पेलेट लंगडत, थांबत फिरतो. तो बाजूला काढा. चेपलेल्या स्कर्टच्या एका बाजूने हवा निसटते आणि कारण नसताना एक शॉट नऊमध्ये जातो. भरतानाही तेच: पेलेट सरळ, शेवटपर्यंत आत ढकला. तिरका गेला तर कड खरवडली जाते.

०.२२ रिमफायरवाल्यांनाही (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, आघात करून गोळी उडवणारी रायफल) हीच चाचणी, ५० मीटरवर. ते काडतूस घरी भरता येत नाही, कारण पेट घेणारं मिश्रण रिमच्या आतच असतं. त्यामुळे लॉट निवडणं एवढंच हातात. तिथे गोळी १२-१३ सेंटिमीटर खाली येते, वेगातला १ टक्का फरक सुमारे २.५ मिमी होतो आणि दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं. लॉटचं महत्त्व तिथे आणखी वाढतं.

लॉट ठरला की त्याच दिवशी मागणी नोंदवा, आठवड्याने तो दुकानात सापडत नाही. रोज १०० शॉट, महिन्याला २५ दिवस म्हणजे ५०० पेलेटच्या पाच डब्या. सगळ्या महाग लॉटच्या नकोत. सरावाला त्याच वजनाचा स्वस्त पेलेट चालतो, पण स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे स्पर्धेचाच वापरा.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात शिशावर पांढरी भुकटी चढते. ती विषारी असते आणि ग्रुपही बिघडवते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, भुकटी चढलेले पेलेट वापरू नका. पेलेट ओठांत धरायची सवय असेल तर आजच सोडा. रेंजवर खाण्याआधी हात साबणाने धुवा.

शेवटच्या दोन डब्या उरल्या की नवा लॉट आणून जुन्याशेजारी तपासा. जुना पूर्ण संपल्यावर तुलना करायला काही उरत नाही.