राजम्याचं सूप करताना या चुका टाळा

पाऊस लागलेल्या संध्याकाळी राजमा, गाजर, फरसबी घातलेलं दाट सूप आणि शेजारच्या बेकरीतला ब्रून पाव असला की वेगळा स्वयंपाक लागत नाही. पण शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही दाणा टचटचीत राहिला, तर वरून कितीही मिरपूड घाला, सूप जमत नाही. म्हणून आधी दाण्याकडे बघू.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे टोमॅटो राजम्याबरोबरच कुकरला लावणं. एकदम सगळं टाकलं की भांडी कमी घासावी लागतात, हे खरं. पण दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, त्यामुळे दाणा कडकच राहतो. राजमा आधी शिजवा. दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबा: सालासकट लोण्यासारखा पसरला, मध्ये पिठूळ कण लागला नाही, तरच टोमॅटो घाला. लिंबू तर गॅस बंद केल्यावरच.

मिठाला मात्र उगीच दोष देतात. भिजवतानाच लिटरभर पाण्यात चमचाभर मीठ घातलं तर साल उलट मऊ होते आणि फुटतही नाही.

दुसरं कारण डब्यात असतं. उष्ण, दमट हवेत महिनोन्‌महिने ठेवलेलं कडधान्य शिजायला हट्टी होतं, आणि मुंबईची हवा तर बारा महिने तशीच. वर्षाचा राजमा भरून ठेवण्यात इथे शहाणपण नाही. महिन्यापुरता आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. भिजल्यावर सुरकुतलेले, न फुगलेले गणंग वेचून टाका. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळेही दाणा दडस राहतो. अशा वेळी भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घ्या. सोड्याने काम होतं, पण चव साबणासारखी लागते आणि ब जीवनसत्त्वातलं थायमिन जातं. मी तरी घालत नाही.

राजमा आठ तास भिजायला हवा. मे महिन्यात ओट्यावर ठेवलात तर सकाळी फेस आणि आंबूस वास येतो, तेव्हा पातेलं फ्रिजमध्ये ठेवा. भिजवलेलं पाणी ओतून द्या.

एक चूक मात्र अजिबात परवडणारी नाही. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या लाल राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. त्याने काही तासांत उलट्या, जुलाब सुरू होतात. मंद आचेच्या इलेक्ट्रिक स्लो कुकरमध्ये पाणी खळखळ उकळेलच असं नाही, आणि कमी तापमानाला या द्रव्याचा विषारीपणा उलट वाढू शकतो. आधी पातेल्यात निदान अर्धा तास खळखळून उकळा, मग काय ते मंद आचेवर ठेवा. प्रेशर कुकरला ही भीती नाही. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून वीसेक मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका, कडधान्याचा फेस शिट्टीत अडकतो.

सूप पाणचट झालं की हात कॉर्नफ्लोअरकडे जातो. त्याने रस्सा चिकट होतो, चव येत नाही. दोन डाव शिजलेला राजमा घोटून परत घाला, आणि शिजवलेलं पाणी फेकू नका. शाकाहारी सुपाचा खरा स्टॉक तोच. कांदा, लसूण, सेलेरी तेलात सोनेरी होईपर्यंत परता, मग टोमॅटो तेल सुटेपर्यंत. ही दहा मिनिटं वाचवली तर सूप उकडलेल्या भाजीसारखं लागतं.

गाजर आधी, फरसबी नंतर, पालक शेवटी. पास्ता घालणार असाल तर वेगळा शिजवून वाढताना वाडग्यात घाला, नाहीतर तो रात्रभर सगळा रस्सा पिऊन फुगतो. उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी घट्ट होणारच. गरम पाणी घालून सारखं करा, एक उकळी आणा आणि मीठ पुन्हा चाखून बघा.