अल्सरेटिव्ह कोलायटिस: आजार उसळल्यावर काय खावं

आहारानं हा आजार बरा होत नाही. मोठ्या आतड्याची सूज औषधांनीच उतरते, म्हणून मेसालामाइनच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. जेवणानं त्रास मात्र कमी होतो.

जुलाब वाढले की पेजेवर या. अर्धी वाटी तांदूळ, दोन चमचे मूगडाळ, चार वाट्या पाणी. कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मग रवीनं घोटून मीठ आणि अर्धा चमचा तूप. तूप जास्त झालं तर जुलाब वाढू शकतात. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. दुधी, गाजर सालं-बिया काढून मऊ शिजवा. अंडं उकडून चालतं. प्रथिनं कमी करू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवा, ग्लासभर पाण्यात नव्हे.

नाशकात राहून मिसळ सोडणं जिवावर येतं, पण मटकी, तर्री आणि फरसाण तिन्ही सुजलेल्या आतड्याला जड. द्राक्षांचं साल-बीही तसंच. उपवासाला शेंगदाण्याच्या कुटाची खिचडी नको. साबुदाण्याची पातळ पेज घ्या.

दूध सगळ्यांनाच बाधत नाही. आठवडाभर बंद करून पाहा, फरक नसेल तर पुन्हा सुरू करा, उगाच कॅल्शियम गमावू नका.

आराम पडल्यावर दर तीन दिवसांनी एकच नवा पदार्थ वाढवा आणि वहीत लिहा. दोन एकदम वाढवले की दोषी कोण ते कळत नाही. ताप, पोटफुगी किंवा जास्त रक्त पडलं, तर थेट डॉक्टर गाठा.