पुस्तकांचं कपाट दार म्हणून लावताय? चाक बसवताना या चुका टाळा

आतल्या खोलीच्या तोंडाशी बिजागरीवर फिरणारं पुस्तकांचं कपाट लावायचं, तर आधी वजनाचा हिशोब करा. अडीच फूट रुंद, पाच खणांचं कपाट भरलं की नुसती पुस्तकंच ८० ते ११० किलो होतात. १८ मिमी प्लायचा सांगाडा धरला की १४० किलोच्या आसपास. बिजागऱ्यांमध्ये ६ फुटांचं अंतर असेल, तर वरची बिजागरी रात्रंदिवस २९ किलोंच्या जोराने चौकटीतून ओढली जाते. स्क्रू ढिले होतात आणि दाराचं मोकळं टोक खाली बसतं. त्या टोकाखाली चाक दिलं की जवळपास निम्मं वजन जमिनीवर जातं. मात्र चुकीचं चाक बिजागरीच उपटून काढतं.

काळ्या मातीवरच्या घरात न दबणारं चाक

आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पायवा उथळ असला की फरशीही तिच्यासोबत वर-खाली होते. मे महिन्यात नेमकं बसवलेलं चाक पोळ्याच्या सुमारास दार वर ढकलायला लागतं. तो सगळा जोर बिजागरीच्या स्क्रूंवर येतो. उलट पावसाळ्यात बसवलं, तर उन्हाळ्यात चाक अधांतरी. म्हणून लोखंडी फाटकाला लावतात तसं, निदान अर्धा इंच खेळणारं स्प्रिंगचं चाक घ्या. भरलेल्या कपाटाखाली स्प्रिंग साधारण निम्मी दबलेली दिसली पाहिजे. पूर्ण दबली तर ते टणक चाकच झालं. अजिबात दबली नाही तर स्प्रिंग फार कडक आहे आणि दार उचलतेय.

ट्रॉलीचं चहूकडे फिरणारं चाक

दार उलट दिशेला ढकललं की हे चाक आधी स्वतःभोवती वळतं आणि कपाटाला बाजूला हिसका देतं. एकाच दिशेने चालणारं चाक लावा. बिजागरीच्या खिळीपासून मोकळ्या टोकापर्यंत दोरी ताणा, कपाटाच्या तळावर ती रेघ मारा आणि चाकाचा आस बरोबर त्या रेघेवर ठेवा. आस तिरका राहिला तर चाक घासत चालतं. फरशीवर काळा पट्टा उमटू लागला की हेच समजा. चाक अडीच-तीन इंची, पीयूचं (पॉलियुरेथेन या चिवट प्लास्टिकचं) असावं. दीड इंची चाक शहाबादीच्या सांध्यात अडकतं.

त्याच दोरीने खडू धरून जमिनीवर चाकाची वाट आखा आणि लेव्हल पाईपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) पातळी तपासा. दोन सुतांपेक्षा (पाव इंचापेक्षा) जास्त चढउतार असेल तर आधी फरशी दुरुस्त करा. सारवलेल्या जमिनीत चाक चर पाडतं. तिथे त्या वाटेवर शहाबादीचे तुकडे सिमेंटात, जमिनीच्या पातळीत बसवा.

बिजागऱ्या ओळंब्यात नसणं

सहा फुटांत एक सेंमी जरी खोलीकडे कल राहिला, तरी पूर्ण उघडल्यावर अडीच फुटी दाराचं टोक ४ मिमी खाली येतं. दोष चाकाला दिला जातो. चाक असलं तरी बिजागरीकडे ७० किलो उरतातच. मातीच्या भिंतीत गिट्टी-स्क्रू (भोकात गुटका ठोकून त्यात पिळलेला स्क्रू) तेवढं धरत नाही. होल्डफास्ट (चौकटीला ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या) काँक्रीटमध्ये गाडलेली चौकटच हवी.

क्रमही महत्त्वाचा आहे. रिकामं कपाट टांगा, ओळंबा पाहा, पुस्तकं भरा, मगच चाकाच्या पट्टीखाली वॉशर घालून उंची जुळवा. रिकाम्या कपाटावर जुळवलेली उंची पुस्तकं भरली की बदलते.

चालू दार अचानक जड झालं तर

घरात कापूस साठवला असेल तर पहिल्यांदा आस पाहा. तंतू त्याभोवती घट्ट गुंडाळले जातात, चाक फिरायचं थांबतं, घसटत जातं आणि एका जागी सपाट होतं. ब्लेडने तंतू कापून काढा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडा. गोडंतेल चिकट होऊन आणखी कापूस धरतं. वेचणीच्या हंगामात महिन्यातून एकदा हे करा. चाक एकदा सपाट झालं की घासून गोल होत नाही, बदलावंच लागतं.