बांधकामाच्या साइटवर तयार केबिन ठेवताय? परवानगीतल्या या चुका टाळा

‘केबिनला पाया नाही, उद्या क्रेननं उचलू, मग परवानगी कशाला?’ हा समज महागात पडतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार जमिनीच्या वापरात केलेला मोठा बदलही ‘विकास’च ठरतो. विनापरवाना तात्पुरतं बांधकाम दिसलं, तर कलम 55 खाली ते हटवण्याचा लेखी आदेश निघू शकतो आणि मुदत मिळते 15 दिवस. तेवढ्यात ऑफिस, नकाशे आणि सिमेंटच्या गोण्या हलवणार कुठे? म्हणून इमारतीचे नकाशे सादर करतानाच साइट ऑफिस, गोदाम आणि वॉचमनची चौकी त्यात दाखवा.

सर्वाधिक गोंधळ जागेवरून होतो. गेटजवळच्या सामासिक अंतरात (इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यात मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात) आज मोकळं दिसतं, म्हणून केबिन तिथंच टेकवली जाते. काही महिन्यांनी त्याच पट्ट्यात भूमिगत टाकी, पावसाळी गटार आणि ड्रेनेज चेंबरची खोदाई येते. केबिन सरकते, पण मंजूर नकाशावर ती जुन्याच जागी राहते आणि पाहणीत नेमकं तेच टिपलं जातं. स्थळनकाशावर आधी टाक्या, ट्रान्सफॉर्मर आणि अग्निशमन गाडीचा मार्ग आखा, मग उरलेल्या जागेत केबिन बसवा. 20 बाय 8 फुटांच्या केबिनला पायरी, उघडणारं दार आणि एसीचं बाहेरचं युनिट धरून 24 बाय 12 फूट तरी मोजा.

पदपथावर तर ठेवूच नका. तिथली केबिन नोटीस न देता उचलण्याचा अधिकार आयुक्तांना आहे: मुंबईत 1888 च्या महापालिका अधिनियमाचं कलम 314, इतर महापालिकांत 1949 च्या अधिनियमाचं कलम 231.

शेजारचा प्लॉट वापरायचा असेल, तर मालकाचा तोंडी होकार पुरत नाही. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, लेखी संमतीपत्र आणि त्या जागेचा वेगळा अर्ज लागतो. जमीन शेतीची असेल, तर अकृषिक वापराचं आधी तहसील कार्यालयात विचारून घ्या.

परवानगी मिळते ती अर्जात लिहिलेल्या वापरालाच. साइट ऑफिस म्हणून मंजूर केबिनमध्ये फ्लॅटविक्रीचं ऑफिस थाटणं किंवा रात्री मजूर झोपवणं म्हणजे वापर बदलणं. दुसरा प्रकार जिवावर बेतणारा आहे. केबिनच्या भिंतीचं थर्मोकोलचा गाभा असलेलं पॅनेल झपाट्यानं पेटतं, आणि आत स्टोव्ह असला तर एका दारातून सगळे बाहेर पडत नाहीत. मजुरांचा निवारा, स्वयंपाकाची जागा आणि शौचालयं नकाशावर स्वतंत्र दाखवा.

केबिनवर केबिन चढवताना स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र घ्या. वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात मूलभूत वेग मुंबईसाठी 44 आणि पुण्यासाठी 39 मीटर प्रति सेकंद धरला आहे. नुसत्या विटांवर टेकवलेला सांगाडा त्यापुढे टिकत नाही. चारही कोपरे काँक्रीटच्या ठोकळ्यांना बोल्टनं जखडा.

मुदतीतही फसगत होते. प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीचं काम सुरू करण्याची परवानगी, एक वर्षाचं असतं आणि ते वर्षागणिक वाढवता येतं. ते वाढलं म्हणून केबिनची परवानगी आपोआप वाढली असं धरू नका. दोन्ही तारखा एकाच वहीत ठेवा. मुख्य इमारत पूर्ण झाल्यावर मात्र केबिनला मुदतवाढ नाही. भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरण्याच्या परवानगीच्या) पाहणीआधी केबिन हलवा, ठोकळे फोडा, तात्पुरती ड्रेनेजजोडणी बंद करा आणि मोकळ्या जागेचे तारखेसह फोटो फाइलला लावा.