अनोळखी मरीनात शिरताय? दोघांनीच बोट चालवणाऱ्यांनी या चुका टाळा

पूल बंदर ते लिमिंग्टन हा इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा जेमतेम वीसेक सागरी मैलांचा टप्पा. सकाळी निघू आणि जेवायला पोचू, असा आमचा हिशेब होता. पोचलो चहाच्या वेळेला, आणि तेव्हा आम्हा नवरा-बायकोत बोलणं बंद होतं. पाँटूनवर, म्हणजे मरीनातल्या (लहान बोटी लावायच्या बंदरातल्या) तरंगत्या धक्क्यावर, बोट आपटली ती शेवटच्या मिनिटाला, पण चुका सकाळपासूनच सुरू होत्या.

भरतीची वेळ आणि प्रवाहाची वेळ

मुंबईची चार-पाच मीटरची उधाणं पाहिलेल्या मला इथल्या अडीच मीटरचं काही वाटत नव्हतं. पण हर्स्टच्या किल्ल्याजवळ इंग्लंड आणि वाइट बेट यांच्यामधली सोलेंटची सामुद्रधुनी एकदम अरुंद होते आणि उधाणाला तिथला प्रवाह चार नॉटच्या (ताशी चार सागरी मैलांच्या) वर जातो. इथल्या प्रवाहाच्या वेळा पोर्ट्समथच्या भरतीवरून मोजतात, आणि ती दुपारी एकला होती. म्हणजे एकपर्यंत पाणी आपल्याला आत ढकलणार, असं आम्ही धरलं. प्रत्यक्षात हर्स्टचा प्रवाह त्या भरतीच्या सुमारे तासभर आधीच पश्चिमेकडे, म्हणजे बाहेर वळतो. आम्ही एकला तिथे होतो. पाण्यातला वेग पाच नॉट, जीपीएसवर अडीच, आणि तोही उतरत चाललेला. त्यात मागून नैर्ऋत्येचा वारा आणि समोरून येणारं पाणी, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. म्हणून भरतीच्या कोष्टकाबरोबर प्रवाहाचा नकाशाही तासागणिक बघा. कोष्टकातल्या वेळा बहुधा ग्रीनिचच्या असतात. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी विसरतं.

रेडिओवर बोललो फार उशिरा

इथली बहुतेक मरीना व्हीएचएफ रेडिओच्या 80 नंबरच्या चॅनलवर असतात. आम्ही नदीत शिरल्यावर बोललो, तेव्हा समोरून वाइट बेटावरच्या यार्मथची फेरी येत होती. लिमिंग्टनच्या त्या चिंचोळ्या वाटेत फेरी आली की आपल्याला उजवीकडे कडेला सरकावं लागतं, आणि कडेला चिखल. अशा वेळी एकाच्या हातात सुकाणू, दुसऱ्याच्या हातात रेडिओ. फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या फुगीर गाद्या) कोण बांधणार? बाहेर मोकळ्या पाण्यातच बोला आणि नेमकं विचारा: पाँटून डाव्या हाताला येणार की उजव्या? जागेवर प्रवाह आडवा आहे का? फिंगर (पाँटूनपासून आडवी निघालेली अरुंद फळी) किती लांब आहे? एवढं विचारूनही बाजू ऐनवेळी बदलते. आमची बदलली. तेव्हापासून फेंडर आणि दोर दोन्ही बाजूंना बांधूनच आत जातो.

कोणी उडी मारायची?

कोणीच नाही. पाँटूनवर पाय टाकून उतरता येत नसेल, तर बोट अजून पुरेशी जवळ आलेली नाही. नवरा सुकाणूवर आणि बायको दोर घेऊन नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर), ही वाटणी बहुतेक बोटींवर दिसते, आणि मला ती उलटीच वाटते. सुकाणूला ताकद लागत नाही, ते काम इंजिन करतं. दोर ओढायला लागते. आता सुकाणू माझ्याकडे असतं.

दुसरी चूक म्हणजे नाळेचा दोर आधी बांधणं. बोट अजून पुढे सरकत असते, दोर ताणला की नाळ आत खेचली जाते आणि मागची बाजू शेजाऱ्याच्या बोटीवर जाते. त्याऐवजी बोटीच्या मधल्या क्लीटचा (दोर बांधायच्या खुंटीचा) दोर पाँटूनच्या मागच्या क्लीटला अडकवा, इंजिन अगदी हळू पुढे ठेवा आणि सुकाणू पाँटूनपासून दूर वळवा. बोट स्वतःच पाँटूनला चिकटून राहते, मग बाकीचे दोर चहा पीत बांधा.

रिव्हर्सची खोडही माहीत हवी. बहुतेक बोटींची मागची बाजू रिव्हर्समध्ये डावीकडे ओढते, त्यामुळे निवड असेल तर पाँटून डावीकडे घ्या. आपली बोट काय करते ते मोकळ्या पाण्यात एकदा करून बघा.

घुसणं फसलं तर

परत बाहेर या. आम्ही तिथेच चुकलो. वाऱ्याने नाळ सरकायला लागली होती आणि मागे जायला अजून जागा होती, पण धक्क्यावर चार माणसं बघत होती. नवऱ्याला वाटलं, जमेल. मी "थांब!" ओरडले, त्याला वाऱ्यात "लांब!" ऐकू आलं, आणि त्याने इंजिन वाढवलं.

आता आमच्यात शब्द नाहीत, खुणा आहेत. मूठ वर म्हणजे थांब, बोटं मोजली की तितके मीटर उरले, आणि हात गोल फिरवला की बाहेर चल.